दाराजवळची खुर्ची

संगमेश्वर गेला आणि हनुमंतचं गाणं ऐकायला जाणं थांबलं.

दोघं लातूरचे. संगमेश्वरचं औषधांचं दुकान होतं आणि हनुमंत निलंग्याच्या तहसील कचेरीत कारकून. कुठं चांगली मैफल आहे असं कळलं की दोघांचे फोन सुरू व्हायचे. सोलापूर, कलबुर्गी, हैदराबाद, पुणे, जिथं असेल तिथं जायचं. दिवसा त्या शहरातलं एखादं संग्रहालय नाहीतर चित्रांचं प्रदर्शन पायी फिरून बघायचं, संध्याकाळी गाणं ऐकायचं आणि सोमवारी कचेरीत डोळे चोळत बसायचं. परत आल्यावरही आठवडाभर दुकानाच्या पायरीवर त्याच गाण्याची उजळणी चाले. गेल्या साली पोटाच्या दुखण्यानं संगमेश्वर गेला. त्यानंतर हनुमंत एकदा एकटाच सोलापूरला जाऊन आला, पण तेव्हाही मध्यंतरातच उठला. शेजारी कोणी अनोळखी माणूस बसला होता, गाण्यात चांगली जागा आली तरी तो मान हलवेना, एवढंच त्यानं घरी सांगितलं.

त्याची बायको सत्यशीला त्याच्याबरोबर कधीच गेली नव्हती. ती किल्लारीची. भूकंप झाला तेव्हा सात वर्षांची होती. त्याबद्दल ती आपणहून बोलत नसे, आणि सगळ्यांना ठाऊकच असल्यामुळे कोणी विचारतही नसे. एरवी ती भित्री नव्हती. अंगणवाडीत सेविका होती, गल्लीतल्या भांडणात मधे पडायची, विंचू दिसला तर चपलेनं मारायची. पण सिनेमाचं थिएटर, लिफ्ट, तळघरातलं दुकान, बिनखिडक्यांचा हॉल असल्या ठिकाणी ती पाऊल टाकत नसे. लग्नाच्या कार्यालयातसुद्धा दाराशी बसून जेवायची. सुरुवातीला हनुमंतनं आग्रह केला, मग तो चिडला, नंतर त्याला संगमेश्वर भेटला आणि विषय मिटला. मिटला म्हणजे दोघांनीही तो पुन्हा काढला नाही. आपल्या बायकोला गाण्याबजावण्यात गोडीच नाही असं तो चारचौघांत सांगू लागला, आणि तिनंही ते कधी खोडून काढलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला पेपरात बातमी आली की दानम्माबाई नांदेडला गाणार आहेत. दानम्माबाई धारवाडकडच्या. सत्तरी उलटलेली, गुडघ्यांनी अधू, प्रवास जवळजवळ सोडलेला. हनुमंत आणि संगमेश्वरनं त्यांना फार वर्षांपूर्वी कलबुर्गीला ऐकलं होतं आणि त्या एका मैफलीवर ते पुढची कितीतरी वर्षं बोलत होते. हनुमंतनं बातमी वाचली, पेपरची घडी घातली आणि तो अंघोळीला गेला. सत्यशीलानं पेपर उघडून बघितला.

तो आल्यावर तिनं विचारलं, "जायाचं न्हाई का?"

"कुणासंगं जाऊ?"

ती भाकरी थापत होती. ती तव्यावर टाकून, वरून पाणी फिरवून झाल्यावर म्हणाली, "मी येते."

त्याला आधी ती थट्टा वाटली. मग त्यानं तिच्याकडं नीट पाहिलं आणि हळूच सांगितलं की हॉल नवा आहे, बाजारातल्या एका मोठ्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. तिचा हात परातीत थांबला. तिनं विचारलं की दार किती मोठं आहे. ते त्याला माहीत नव्हतं.

"दाराजवळ बसू," ती म्हणाली. "तेवढं करा."

मैफलीच्या रविवारी सकाळच्या एसटीनं ते निघाले. अहमदपूर, लोहा करत गाडी नांदेडला पोचली तेव्हा ऊन चढलं होतं. मैफल पाच वाजता होती. त्याआधी हनुमंतनं तिला चित्रांच्या प्रदर्शनाला नेलं. रविकिरण नावाच्या अर्धापूरकडच्या एका तरुण चित्रकाराचं ते पहिलंच प्रदर्शन होतं. तळमजल्यावरची ऐसपैस खोली, दोन्ही बाजूंना उघड्या खिडक्या. सत्यशीला तिथं मोकळी झाली. वादळात आडव्या पडलेल्या केळीच्या बागेच्या चित्रापुढं ती बराच वेळ उभी राहिली. मग तिनं हनुमंतला बोलावून दाखवलं की सगळी झाडं पडलीत, पण कडेला उभ्या असलेल्या बाईचं तोंड झाडांकडं नाही, ती चुलीकडं बघतेय. हनुमंतनं ते चित्र आधी बघून सोडून दिलं होतं. त्याला ती बाई दिसलीच नव्हती. संगमेश्वर असता तर यावर तासभर बोलला असता, असं त्याच्या मनात आलं, आणि कितीतरी महिन्यांनी त्याला हसू आलं. दोघांनी एका खाणावळीत जेवण केलं. सत्यशीला चांगली बोलत होती. पण चार वाजून गेल्यावर ती गप्प होत गेली.

हॉलच्या इमारतीत लिफ्ट होती. ते जिन्यानं चढले. दुसऱ्या मजल्यावर काचेचं दालन, पुढं दोन फळ्यांचं जाड लाकडी दार, आणि आत गेलं की सगळं काळं. भिंतींना काळं कापडी अस्तर, खिडकी एकही नाही, एसीचा गारठा. मागच्या भिंतीला दुसरंही एक दार होतं, पण त्याच्यापुढं जादा खुर्च्यांची थप्पी लावून ठेवली होती. सत्यशीलानं आत शिरल्या शिरल्या तेच पाहिलं. शेवटच्या रांगेतली, दाराला लागून असलेली खुर्ची धरली आणि पदर खोचून बसली.

हनुमंतचा जीव पुढं ओढत होता. तिसऱ्या रांगेत मधोमध जागा होत्या. तिथून बाईंचा चेहरा दिसला असता, माइकच्या आधीचा आवाज ऐकू आला असता. तो थोडा वेळ तिच्याजवळ बसला, उठला, परत बसला. शेवटी तिनंच सांगितलं, "तुम्ही जा पुढं. मी हाय ना हितं."

"नक्की?"

"जावा. हितून माझ्याकडं बघत बसायला आलाव का?"

तो गेला. जाताना एकदाही मागं वळून पाहिलं नाही, हे तिनं पाहिलं.

तिच्या शेजारी देगलूरकडची एक म्हातारी येऊन बसली. गुरम्मा तिचं नाव. लेकाच्या घरी आली होती आणि दानम्माबाईंचं गाणं रेडिओवर ऐकतच संसार केल्याचं तिनं लगेच सांगून टाकलं. लेक आणि सून पुढं कुठं तरी बसली होती. म्हातारीला मधेच बाहेर जावं लागतं म्हणून तिलाही दाराजवळची जागा हवी होती. दोघींनी एकमेकींना सुपारी दिली-घेतली. सत्यशीलाला जरा बरं वाटलं.

दानम्माबाईंना दोघांनी धरून मंचावर आणलं. त्या खुर्चीवर बसल्या, तंबोरे लागले आणि त्यांनी मुलतानी सुरू केला. सत्यशीलाला राग कळत नव्हता. सुरुवातीला तर ती गाणं ऐकतच नव्हती. मागं दार उघडझाप होत होतं, उशिरा येणारे येत होते, आणि दर वेळी बाहेरच्या उजेडाची पट्टी पायाशी पडली की तिचा श्वास मोकळा व्हायचा. मग कधी तरी ती पट्टी पडायची थांबली. सगळे आले असतील, असं तिला वाटलं. आणि तिच्याही नकळत ती ऐकू लागली. बाई एकाच स्वराभोवती फिरत होत्या, वरच्या स्वरापाशी जात होत्या आणि त्याला न शिवता परत येत होत्या. आता शिवतील, आता शिवतील असं होऊन सत्यशीला खुर्चीच्या कडेवर आली. जेव्हा त्यांनी तो स्वर लावला तेव्हा सगळ्या हॉलनं एकदम "अहा" केलं, आणि त्यात तिचाही आवाज होता. तिला आपलंच नवल वाटलं.

त्यानंतर थोड्याच वेळात लाइट गेली.

मंचावरचे दिवे, छताचे दिवे, पायऱ्यांवरचे बारीक दिवे, सगळे एकदम. एसी धाप टाकल्यासारखा आवाज करून बंद पडला. माइक मेला आणि बाईंचा आवाज एकाएकी लहान झाला, दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा. त्या गातच होत्या. कोणी तरी "लाइट गेली" म्हणालं, थोडे लोक हसले. फोन बंद ठेवा अशी सूचना सुरुवातीलाच झाली होती, त्यामुळं उजेड करायलाही कोणाला लगेच जमलं नाही. काळोख असा की स्वतःचा हात दिसेना.

सत्यशीला हललीही नाही. लाइट जाते, येते, असं ती स्वतःला समजावत होती. गुरम्माचा हात तिच्या मनगटावर आला.

मग जमीन थरथरली.

आधी बारीक. पायाच्या तळव्यांतून पोटऱ्यांत चढली. खुर्च्या लोखंडी पट्टीनं एकमेकींना जोडलेल्या होत्या, ती पट्टी गुणगुणू लागली. खालून घरघर आली, थांबली, परत आली, आणि यावेळी पाठीमागची भिंतही हादरली. सत्यशीला उठून उभी होती. कधी उठली ते तिला कळलं नाही. एक पाऊल, आणि तिचे दोन्ही तळवे दारावर होते. तिनं ढकललं.

दार हललं नाही.

तिनं खांदा लावला. दोन फळ्यांच्या मधल्या फटीतून बाहेरच्या उजेडाची रेघ दिसत होती, आणि त्या रेघेवर आडवी, काळी कडी. बाहेरून लावलेली.

तिच्या गळ्यात किंकाळी येऊन अडकली. मूठ वर गेली. दार बडवायचं, बडवत राहायचं, एवढंच शरीराला कळत होतं. तेवढ्यात मागून गुरम्मा घाबऱ्या आवाजात म्हणाली, "भूकंप हाय काय गं, बाई?"

ते पुढच्या रांगेतल्या कोणी तरी ऐकलं. "काय? भूकंप?" अशी कुजबुज झाली. तिथून तो शब्द पुढं सरकला. या भागात तो शब्द कोणाला दोनदा सांगावा लागत नाही. खुर्च्यांच्या बैठका फटाफट वर उडू लागल्या. कोणाचा तरी पाय कोणाच्या तरी पायावर पडला, एक बाई ओरडली, दोन-चार फोनचे उजेड लागले आणि वेडेवाकडे फिरू लागले. त्या उजेडात सत्यशीलाला दिसलं की मधल्या वाटेत माणसं उभी राहिली आहेत आणि सगळ्यांची तोंडं तिच्याकडं, म्हणजे दाराकडं आहेत. मंचावरचं गाणं थांबलं.

आणि त्याच वेळी खालची घरघर खोकल्यासारखी होऊन बंद पडली. थरथर गेली. दाराच्या फटीतून डिझेलचा वास आला.

तिनं तो वास ओळखला. एकदा हुंगला, परत हुंगला. तिचे पाय अजून कापत होते, पण जमीन कापत नव्हती. तळघरात कोणी तरी जनरेटर चालू करत होतं आणि तो धरत नव्हता. एवढंच होतं. पण ही गोष्ट त्या हॉलमध्ये बहुतेक तिला एकटीलाच कळली होती. आणि दार बंद आहे, हेही तिला एकटीलाच माहीत होतं. हे एवढे लोक आता इथं येणार, दार ढकलणार, आणि ते उघडणार नाही. पहिल्यांदा चेपली जाणार ती स्वतः आणि ही म्हातारी.

तिनं तोंड उघडलं. पहिल्यांदा आवाज फुटला नाही. दुसऱ्यांदा फुटला, आणि तो अंगणवाडीतला होता, पोरं एकमेकांच्या अंगावर पडायला लागली की निघायचा तसा, मोठा पण न चिडलेला.

"बसा. जिथल्या तिथं बसा."

पुढचे दोघं-तिघं थबकले. मागचे त्यांना ढकलत होते.

"भूकंप न्हाई. खाली जनरेटर चालू करायलेत. डिझेलचा वास यायलाय हितं. बसा."

काळोखातून एका पुरुषानं विचारलं, "तुम्हाला काय माहीत?"

"मी किल्लारीची हाय," ती म्हणाली.

हॉल गप्प झाला. असा गप्प, की मंचावरचे तंबोरे अजून वाजत आहेत हे सगळ्यांना तेव्हा ऐकू आलं.

"दार माझ्यापाशी हाय," सत्यशीला पुढं म्हणाली. "मी हितं उभी हाय. काही झालं तर मी सांगते. आता बसा."

दार बाहेरून लावलेलं आहे, हे तिनं सांगितलं नाही.

पाच-सहा बैठका खाली आल्या. मग अजून. मधल्या वाटेतले लोक एकमेकांच्या खांद्यांना धरून जागा शोधू लागले. कोणी तरी स्वतःच्याच घाबरण्यावर हसलं. आणि मंचावरून माइकशिवाय, त्या काळोखातून, दानम्माबाईंनी गाणं पुन्हा उचललं. जिथं सोडलं होतं तिथूनच. आवाज बारीक होता, वयानं थोडा फाटलेला, पण शेवटच्या रांगेपर्यंत येत होता. तो ऐकू यावा म्हणून लोक आणखी गप्प झाले.

सत्यशीला दाराला पाठ लावून उभी होती. ती घामानं भिजली होती. गुरम्मानं तिचा हात सोडला नव्हता. खालून पुन्हा एकदा घरघर आली, जमीन पुन्हा थरथरली. यावेळी कोणी उठलं नाही, पण कितीतरी डोकी मागं वळली. आपण आत्ता हललो तर सगळं परत सुरू होईल, हे तिला कळत होतं. ती हलली नाही. दातांवर दात धरून ती बाईंचा स्वर ऐकत राहिली, म्हणजे ऐकण्याचा प्रयत्न करत राहिली. ऐकू येत होती ती स्वतःची छाती.

एक मध्यमवयीन माणूस फोनचा उजेड पायाशी धरून तिच्याजवळ आला. वडिलांना घुसमटल्यासारखं होतंय, बाहेर न्यायचंय, जरा सरका, असं तो म्हणाला. सत्यशीला त्याच्या कानाशी वाकली.

"दार भाईरून लावलंय. आवाज करू नका."

त्या माणसानं कडीकडं पाहिलं, मग मागच्या भरलेल्या हॉलकडं. त्याचा चेहरा उतरला. पण माणूस शहाणा निघाला. तो कार्यक्रमवाल्यांच्या ओळखीचा होता. भिंतीकडं तोंड करून त्यानं फोन लावला आणि अगदी हळू, पत्ता सांगितल्यासारखं सांगितलं, की वर कोणाला तरी पाठवा, कडी काढायला, आत्ता, आणि पळत नका येऊ. मग तो सत्यशीलाच्या बाजूला तिच्यासारखाच पाठ लावून उभा राहिला. गुरम्मासकट तिघं तसे उभे होते. किती वेळ गेला ते तिला नंतरही सांगता आलं नाही.

जिन्यात पावलं वाजली. लोखंड सरकल्याचा आवाज आला आणि तिच्या पाठीमागचं दार मागं गेलं. संध्याकाळचं पिवळं ऊन जिन्याच्या खिडकीतून आत आलं, शेवटच्या दोन-तीन रांगांवर पडलं. कोणी तरी "हां" करून श्वास सोडला. तो माणूस आपल्या वडिलांना आणायला गेला. सत्यशीलानं गुरम्माला आधी बाहेर काढलं, बाकावर बसवलं. मग ती स्वतः जिन्याच्या पायरीवर बसली आणि तिथंच कोपऱ्यात तिला उलटी झाली.

हनुमंत चाचपडत, लोकांचे गुडघे ओलांडत मागं आला होता. दाराशी पोचला तेव्हा त्याला रिकामी खुर्ची दिसली. बाहेर आला तर ती पायरीवर. त्यानं बाटलीतलं पाणी तिच्या हातावर घातलं, तोंड धुऊन दिलं. आत बाईंनी लय वाढवली होती. तबला माइकविना स्वच्छ ऐकू येत होता.

"तुम्ही जावा आत," ती म्हणाली. "दार उघडं हाय आता."

"इथून ऐकू येतंय," तो म्हणाला आणि तिच्या शेजारी बसला.

कडी लावणारा रखवालदार, व्यंकटी, पायऱ्यांवर हात जोडून उभा होता. दार सारखं वाजतं, बाईंचं लक्ष जातं, म्हणून उशिरा येणाऱ्यांना थोपवायला त्याला कडी घालायला सांगितलं होतं. लाइट गेली तशी त्यालाच जनरेटरकडं खाली पळवलं आणि कडीचं कोणाच्या ध्यानात राहिलं नाही. हनुमंत त्याला काही बोलला नाही. कार्यक्रमवाल्यांपैकी एक जण वर आला, तेव्हा मात्र तो उठला आणि असं बोलला, की तसं बोलताना त्याला सत्यशीलानं कधी ऐकलं नव्हतं. त्या माणसानं आधी सारवासारव केली, मग मान खाली घातली. दुसऱ्या दारापुढच्या खुर्च्या त्यानं तिथल्या तिथं हलवायला लावल्या.

जनरेटर शेवटी धरला. दिवे आले. पण दानम्माबाईंनी माइक नको म्हणून सांगितलं आणि उरलेली मैफल तशीच झाली, दार उघडं ठेवून. हनुमंत आणि सत्यशीला शेवटपर्यंत पायरीवरच होते. ती परत आत गेली नाही. त्यानं विचारलंही नाही.

मैफल संपल्यावर लोक बाहेर पडताना तिच्याकडं बघून जात होते. काही बायका थांबल्या, दोघींनी तिचे हात हातात घेतले. गुरम्माच्या सुनेनं घरी चला म्हणून फार आग्रह केला. सगळ्यांत शेवटी दानम्माबाईंना धरून आणलं. लिफ्ट पुन्हा बंद पडेल या भीतीनं त्या जिन्यानं उतरत होत्या, एकेक पायरी. सत्यशीला उठून भिंतीला चिकटली. बाई तिच्यापाशी थांबल्या आणि कानडी वळणाच्या मराठीत विचारलं, "मघाशी बोलला ते तुम्हीच का?"

सत्यशीलानं मान हलवली.

"लोकं म्हणतात, अंधारात बाई न घाबरता गात राहिली," दानम्माबाई म्हणाल्या. "खरं सांगू का, मला भ्या वाटत होतं. पण गुडघे हे असे. पळता आलं असतं तर मीच आधी पळाले असते." त्या हसल्या, तिच्या गालाला हात लावला आणि पुढच्या पायरीचा अंदाज घेऊ लागल्या.

रात्री ते हनुमंतच्या चुलतबहिणीकडं राहिले आणि सकाळच्या गाडीनं लातूरला निघाले. गाडी लोह्याला पोचली. मग सत्यशीलानं आपणहून सांगायला सुरुवात केली. भूकंपाच्या आदल्या दिवशी गणपती विसर्जन होतं, मिरवणुकीत नाचून दमून ती आत्याजवळ, भामाबाईजवळ, झोपली होती. घराचं दगडमातीचं माळवद खाली आलं. आत्या लगेच गेली असावी, कारण ती बोलली नाही. सत्यशीला छताच्या एका लाकडी सरीखाली अडकली होती. वरून आई, नागाबाई, तिला हाका मारत होती. "सत्ये, वो दे." आईचा आवाज अगदी जवळून येत होता. पण तोंडात माती गेली होती, ओ देता येत नव्हती. आई हाका मारत मारत लांब गेली. दुपारी कोणा दुसऱ्याच्याच घराची माती उपसताना लोकांना सत्यशीला सापडली.

"अंधार झाला की मला भ्या त्याचं नसतं," ती म्हणाली. "घर पडंल याचंबी न्हाई. आवाज निघणार न्हाई, त्याचं असतं."

इतक्या वर्षांत हे त्याला माहीत नव्हतं. लोह्याच्या पुढं रस्त्याचं काम चालू होतं, गाडी कच्च्यावरून धक्के खात चालली होती. त्या धक्क्यांतच तो म्हणाला, "मीबी एक सांगतो. लाइट गेली तवा मला पहिल्यांदा वाटलं, आता मैफल मोडती. तू मागं हायस, हे मला नंतर आठवलं. तू बोललीस तवाच आठवलं."

सत्यशीलानं त्याच्याकडं पाहिलं नाही. तिला ते लागलं, आणि ते लागलं हे तिनं लपवलंही नाही. गाडी अहमदपूरला थांबली, चढणारे चढले, उतरणारे उतरले. ती मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसली होती.

"खरं सांगितलाव, ते एक बरं केलाव," ती शेवटी म्हणाली. "पर बंद हॉलमधी मी परत येणार न्हाई. मोकळ्यात कुठं असलं तर सांगा."

तो "हाव" म्हणाला.

अहमदपूर मागं पडल्यावर तिनं विचारलं, की तो एक स्वर, ज्याच्याजवळ जाऊन बाई सारख्या मागं फिरत होत्या, तो कोणता. हनुमंत सांगू लागला. सांगता सांगता त्याला रंग चढला, तो हातानं दाखवू लागला, आणि शेवटची चीज कशी सगळ्यांत सरस झाली यावर आला. ते काही तिला पटलं नाही. शेवटचं नुसतं पळापळीचं होतं, ती म्हणाली, खरं गाणं लाइट जायच्या आधीचंच. त्यावर तो चिडला, तिनं आपलं म्हणणं सोडलं नाही, आणि लातूरचा स्टँड येईपर्यंत दोघं त्यावरच भांडत होते.